फार्मा डोक्यात टिकत नसेल तर आधी फिजिऑलॉजी उघडा

प्रश्न थोडक्यात असा: एमबीबीएसचं दुसरं वर्ष सुरू झालंय. पहिल्या वर्षी फिजिऑलॉजी (शरीरक्रियाशास्त्र) बऱ्या मार्कांनी सुटली, पण फार्माकॉलॉजीतली (औषधशास्त्रातली) औषधांची नावं आठवडाभरही टिकत नाहीत. व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) वर्गीकरण घडाघडा म्हणता येतं, आणि 'मग या औषधाने पोटॅशियम का उतरतं?' असं विचारलं की बोबडी वळते. कोणतं पुस्तक घ्यावं, किती तास द्यावेत, नोट्स कशा काढाव्यात?

कॉलेजात चालणारं कुठलंही प्रमाण पाठ्यपुस्तक पुरतं, आणि तास जमतील तेवढे द्या. अडचण तिथे नाहीच. बहुतेक विद्यार्थी औषधाच्या नावापासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. नाव शेवटी यायला हवं. आधी अवयव, मग त्या अवयवाच्या कामातला एक ठरावीक टप्पा, आणि त्यानंतर तो टप्पा अडवणारं किंवा रेटणारं औषध. हा क्रम उलटा झाला की प्रत्येक औषधामागे दहा-बारा सुटी वाक्यं घोकावी लागतात. क्रम सुलटा ठेवला तर त्यातली निम्म्याहून जास्त वाक्यं पुस्तक उघडण्याआधीच सांगता येतात, आणि घोकायला उरतं ते थोडकं.

म्हणून नवीन औषध वाचण्याआधी कोऱ्या पानावर चार ओळी लिहा, पुस्तक मिटून. औषध कुठे बसतं: रिसेप्टर (संदेश घेणारी जागा), चॅनल, एन्झाइम, ट्रान्सपोर्टर की पंप? ती जागा शरीरात आणखी कुठे कुठे आहे? ती चालू किंवा बंद झाल्यावर पहिल्यांदा काय होईल? आणि शरीर त्यावर उलटा डाव काय टाकेल? मग पुस्तक उघडा आणि ताडून पाहा. जे आधीच लिहिलं होतं त्यावर नुसती खूण करा. जे सुचलं नव्हतं तेवढंच लाल पेनने खाली उतरवा. परीक्षेच्या आदल्या रात्री वाचायचं ते फक्त लाल.

साल्ब्युटामॉल घ्या. बीटा-२ रिसेप्टरवर बसतं, दम्यात श्वासनलिका सैल करतं, एवढं सगळ्यांना येतं. दुसरी ओळ लिहायला बसलात की बीटा-२ कंकाल स्नायूंत आहे, म्हणून हात थरथरतात. रक्तवाहिन्यांत आहे, म्हणून दाब किंचित उतरतो आणि नाडी वाढते. गर्भाशयात आहे, म्हणून तो शिथिल होतो. यकृतात आहे, म्हणून साखर वर सरकते. स्नायूपेशींच्या पडद्यावरचा सोडियम-पोटॅशियम पंप त्याने जोरात चालतो, म्हणून रक्तातलं पोटॅशियम पेशींत शिरतं. हा शेवटचा मुद्दा पुस्तकात दुष्परिणाम म्हणून एका ठिकाणी आणि हायपरकॅलेमियाचा (रक्तात पोटॅशियम वाढण्याचा) उपचार म्हणून भलत्याच ठिकाणी छापलेला असतो. दम्यात नेब्युलायझरमधून २.५ ते ५ मिग्रॅ देतात, पोटॅशियम उतरवायला १० ते २० मिग्रॅ. दोन्ही गोष्टी एकाच पानावर आल्या की दोन्ही राहतात.

ऑटोनॉमिक नर्व्हस सिस्टिम (आपोआप चालणाऱ्या अवयवांवरची मज्जासंस्था) हा सगळ्यात जास्त वेळ द्यायचा भाग. इथे पाया कच्चा राहिला की पुढे रक्तदाब, दमा, काचबिंदू, भूल, विषबाधा, सगळीकडे ठेच लागते. फिजिऑलॉजीच्या पुस्तकातला सिंपॅथेटिक-पॅरासिंपॅथेटिकचा तक्ता घेऊन बसा आणि प्रत्येक अवयवासमोर रिसेप्टरचा प्रकार स्वतःच्या हाताने भरा. त्याशेजारी जी-प्रोटीन, म्हणजे रिसेप्टरचा संदेश पेशीत पोहोचवणारं प्रथिन: अल्फा-१ ला जीक्यू, अल्फा-२ ला जीआय, तिन्ही बीटांना जीएस; मस्कारिनिक एम-१, एम-३, एम-५ ला जीक्यू, एम-२ आणि एम-४ ला जीआय. एवढं मात्र मुकाट्याने पाठ करायचं, त्याला इलाज नाही. अल्फा आणि बीटा हा भेद आल्क्विस्टने १९४८ साली मांडला. त्याने औषधांचं वर्गीकरण केलं नव्हतं; वेगवेगळ्या अवयवांवर त्यांचा जोर कोणत्या क्रमाने पडतो ते पाहून रिसेप्टर दोन प्रकारचे असावेत असं अनुमान काढलं होतं. तुमच्या प्रॅक्टिकलमध्ये नेमकं हेच करायला सांगतात.

आता हे प्रयोग प्राण्यांवर होत नाहीत, संगणकावरच्या सिम्युलेशनवर किंवा छापील आलेखांवर होतात. त्यातला सशाच्या डोळ्याचा प्रयोग मुलं सगळ्यात हलक्यात घेतात, आणि विचार करायला तोच सगळ्यात चांगला. बाहुलीभोवती दोन स्नायू आहेत. वर्तुळाकार स्फिंक्टर, पॅरासिंपॅथेटिकच्या ताब्यात, एम-३ रिसेप्टर. आणि आऱ्यांसारखा पसरलेला डायलेटर, सिंपॅथेटिकच्या ताब्यात, अल्फा-१. बाहुली मोठी झाली तर कारणं दोन: स्फिंक्टर सुटला किंवा डायलेटर ओढला गेला. फरक टॉर्चने कळतो. अॅट्रोपीनने स्फिंक्टरच निकामी केलेला असतो, म्हणून उजेड टाकला तरी बाहुली हलत नाही. फिनाइलएफ्रिन किंवा एफेड्रिनने डायलेटर ओढला आहे पण स्फिंक्टर शाबूत आहे, म्हणून उजेडाला बाहुली आकसते. सिलिअरी स्नायूही एम-३ वरच चालतो. त्यामुळे अॅट्रोपीननंतर जवळचं वाचता येत नाही, फिनाइलएफ्रिननंतर येतं. बाहुली जशीच्या तशी, पण कापसाचं टोक लावल्यावर पापणी मिटत नाही, तर ते बधिर करणारं लिग्नोकेन.

बाहुली बारीक झाली असेल तर पायलोकार्पिन की फायसोस्टिग्माइन, हे नुसतं बघून सांगता येत नाही. इथे परीक्षक पुढचा प्रश्न टाकतात: डोळ्याची पॅरासिंपॅथेटिक नस तुटलेली असेल तर कोणतं चालेल? पायलोकार्पिन थेट रिसेप्टरवर बसतं, त्याला नसेची गरज नाही. फायसोस्टिग्माइन नसेतून सुटलेलं असिटिलकोलीन (पॅरासिंपॅथेटिक नसेचं संदेशवाहक रसायन) फक्त टिकवून धरतं. नसच मेली असेल तर टिकवायचं काय?

रक्तदाबाच्या आलेखांत जास्त मुलं गडबडतात, कारण ती दाबाची रेघ बघतात आणि हृदयगतीची सोडून देतात. दोन्ही एकत्र वाचायच्या. सरासरी दाब म्हणजे कार्डियाक आउटपुट (हृदय मिनिटाला फेकतं ते रक्त) गुणिले परिघीय रोध (वाहिन्यांचा विरोध), आणि आउटपुट म्हणजे गती गुणिले स्ट्रोक व्हॉल्यूम (एका ठोक्यात फेकलेलं रक्त). या दोन समीकरणांपुढे आलेखात फार काही नसतं. नॉरअॅड्रिनलिन दिलं, अल्फा-१ ने वाहिन्या आवळल्या, दाब चढला. हृदयावर बीटा-१ आहे म्हणून मुलं 'गती वाढते' असं लिहून मोकळी होतात. प्रत्यक्षात गती उतरते. दाब चढल्याची खबर कॅरोटिड सायनसमधून नवव्या आणि अॅऑर्टिक आर्चमधून दहाव्या नसेने मेंदूत जाते आणि व्हेगस (तीच दहावी नस) हृदयाला आवर घालतो. तो आवर बीटा-१ च्या जोरावर मात करतो. याचा पुरावाही आलेखातच असतो: आधी अॅट्रोपीन देऊन व्हेगस तोडला आणि मग नॉरअॅड्रिनलिन दिलं तर गती वाढलेली दिसते.

अॅड्रिनलिनच्या आलेखात दाब आधी चढतो, मग मूळ पातळीच्या थोडा खाली जाऊन परत येतो. बीटा-२ हा कमी मात्रेलाही प्रतिसाद देतो. औषध ओसरत असताना अल्फाचा जोर संपतो आणि बीटा-२ चा उरतो. अल्फा ब्लॉकर आधी दिला असेल तर चढच नाहीसा होतो आणि नुसता उतार दिसतो. हेच डेलचं रिव्हर्सल. हेन्री डेलने १९०६ साली अर्गटवर काम करताना ते नोंदवलं. नॉरअॅड्रिनलिनबाबत असं उलटणं दिसत नाही, कारण त्याचा बीटा-२ वर जवळपास काही अंमल नाही. आयसोप्रिनलिनने दाब उतरतो आणि प्रोप्रॅनोलॉलने ते थांबतं. अनोळखी औषधाने दाब उतरला तर अॅट्रोपीन देऊन पाहा. उतार गेला तर असिटिलकोलीन, राहिला तर हिस्टामिन किंवा आयसोप्रिनलिनकडे वळा. अॅट्रोपीननंतर असिटिलकोलीनची मोठी मात्रा दिली की दाब चक्क चढतो, कारण मस्कारिनिक वाट बंद झाल्यावर गँग्लिया (नसांच्या गाठी) आणि अॅड्रिनल मेड्युलावरचा निकोटिनिक परिणाम उघडा पडतो. व्हायव्हात औषधाचं नाव चुकलं तरी ही ओळखीची साखळी नीट सांगितलीत तर मार्क जात नाहीत. उलटं मात्र होतं: नाव बरोबर, कारण नाही, मार्क अर्धे.

दाब बदलला की हृदयाची गती उलट दिशेने फिरवणारा हाच बॅरोरिसेप्टर रिफ्लेक्स पुढे रक्तदाबाच्या सगळ्या प्रकरणाला पुरतो. हायड्रॅलझिनने किंवा लगेच सुटणाऱ्या निफेडिपिनने वाहिन्या सैल केल्या की नाडी धडधडते, रेनिन वाढतं, मीठपाणी साठतं. म्हणून हायड्रॅलझिनच्या जोडीला बीटा ब्लॉकर आणि डाययुरेटिक (लघवी वाढवणारं औषध) देतात. हे जोडीचं वाक्य पुस्तकात वेगळं शोधायची गरज उरत नाही.

ऑटोनॉमिकचं महाराष्ट्रातलं याहून बोलकं उदाहरण दुसरं नाही: कोकणातला लाल विंचू. त्याचं विष नसेच्या सोडियम चॅनलना वेळेवर बंद होऊ देत नाही. नस पुन्हा पुन्हा पेटते. सुरुवातीला घाम, लाळ, उलट्या. मग कॅटेकोलामाइनचा (अॅड्रिनलिन-नॉरअॅड्रिनलिनचा) लोंढा: हातपाय गार, दाब चढलेला, नाडी वेगात, आणि शेवटी फुप्फुसात पाणी. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी १९८०च्या दशकात यावर अल्फा-१ अडवणाऱ्या प्राझोसिनचा वापर रूढ केला. ही निवड कागदावर मांडून पाहा. वाहिन्या आवळल्यात त्या अल्फा-१ मुळे, हृदयाच्या डाव्या जवनिकेला (खालच्या कप्प्याला) त्या रोधाविरुद्ध रक्त ढकलावं लागतंय, म्हणून ती थकून मागे पाणी तुंबतंय. अल्फा-१ सोडवला की भार उतरतो. 'नाडी जोरात आहे ना, मग प्रोप्रॅनोलॉल देऊ' असं कुणी म्हटलं तर काय होईल? वाहिन्या सैल करणारा बीटा-२ गेला, थकलेल्या हृदयाला हात देणारा बीटा-१ ही गेला, अल्फा तसाच मोकाट. रुग्ण आणखी बिघडेल. फिओक्रोमोसायटोमात (कॅटेकोलामाइन सोडणाऱ्या गाठीत) 'आधी अल्फा, मग बीटा' असा जो नियम पाठ करतात तोही याच हिशेबातून निघतो. मुलांमध्ये प्राझोसिनची मात्रा तोंडाने ३० मायक्रोग्रॅम प्रतिकिलो. पहिल्या मात्रेनंतर उभं राहिल्यास दाब एकदम पडतो, म्हणून आडवं ठेवायचं. हे कारणही तुम्हाला आता सांगावं लागू नये.

मूत्रपिंडाकडे वळू. डाययुरेटिक्स वाचण्याआधी नेफ्रॉनची (मूत्रपिंडातल्या गाळणीच्या एककाची) आकृती काढा आणि त्यावर सोडियमचा हिशेब मांडा: गाळलेल्या सोडियमपैकी सुमारे ६५ टक्के प्रॉक्सिमल नलिकेत परत घेतलं जातं, सुमारे २५ टक्के हेन्लेच्या जाड चढत्या भागात, डिस्टलमध्ये ५ टक्क्यांच्या आसपास, आणि उरलेलं थोडंसं कलेक्टिंग डक्टमध्ये. मग औषधं आपापल्या जागी बसवा: असिटाझोलामाइड प्रॉक्सिमलमध्ये, फ्युरोसेमाइड हेन्लेतल्या एनकेसीसी-२ ट्रान्सपोर्टरवर, थायाझाइड डिस्टलमधल्या एनसीसी ट्रान्सपोर्टरवर, अमिलोराइड कलेक्टिंग डक्टमधल्या ईनॅक या सोडियम चॅनलवर, स्पायरोनोलॅक्टोन सोडियम धरून ठेवणाऱ्या अल्डोस्टेरॉन या हॉर्मोनच्या रिसेप्टरवर.

सगळ्यात जास्त सोडियम प्रॉक्सिमलमध्ये परत जातं, मग तिथलं औषध सगळ्यात जोरदार का नाही? कारण तिथून सुटलेलं सोडियम पुढे हेन्लेचा भाग उचलून घेतो. फ्युरोसेमाइडच्या पुढे मात्र तेवढी क्षमता असलेला कुणी उरत नाही.

पोटॅशियम का उतरतं, हा तुमचा मूळ प्रश्न. फ्युरोसेमाइड असो वा थायाझाइड, दोन्हींनी कलेक्टिंग डक्टपर्यंत जादा सोडियम पोहोचतं. तिथे ते ईनॅकमधून पेशीत शिरतं, नलिकेची आतली बाजू ऋण होते, आणि त्या ओढीने पोटॅशियम बाहेर पडतं. शिवाय शरीरातलं पाणी घटल्यामुळे अल्डोस्टेरॉन वाढलेलं असतं, ते याच कामाला आणखी जोर देतं. हायड्रोजनही याच ओढीने जातो, म्हणून मेटाबॉलिक अल्कलोसिस (रक्त अल्कधर्मी होणं). ईनॅक बंद केला किंवा अल्डोस्टेरॉन अडवलं तर सगळं उलट: पोटॅशियम आणि आम्ल दोन्ही साठतात. एका पेशीची आकृती नीट काढता आली की या चार औषधांचे पोटॅशियम-आम्ल परिणाम त्यातून निघतात.

कॅल्शियमची गंमत थोडी वेगळी आहे आणि परीक्षकांची आवडती. हेन्लेच्या जाड भागात आत घेतलेलं पोटॅशियम परत नलिकेत झिरपतं, त्याने नलिका धन होते, आणि ती धनता कॅल्शियम-मॅग्नेशियमला पेशींच्या फटीतून रक्ताकडे ढकलते. फ्युरोसेमाइडने ही धनता जाते. कॅल्शियम लघवीत वाहतं. थायाझाइडने उलट, लघवीतलं कॅल्शियम घटतं, म्हणून वारंवार होणाऱ्या कॅल्शियमच्या खड्यांत ते देतात.

सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरण्याचा प्रकार फ्युरोसेमाइडपेक्षा थायाझाइडने जास्त होतो. 'जोरदार औषध तेच जास्त धोक्याचं' असं गृहीत धरणारे इथे हमखास अडकतात. लघवी पातळ करण्याचं काम हेन्लेचा जाड भाग आणि डिस्टल नलिका करतात. ती घट्ट करण्यासाठी मूत्रपिंडाच्या मेड्युलातला (आतल्या भागातला) खारटपणा लागतो, आणि तो हेन्लेमुळे तयार होतो. फ्युरोसेमाइड दोन्ही बिघडवतं. थायाझाइडने पातळ करण्याची क्षमता घटते, पण मेड्युला शाबूत राहते, त्यामुळे एडीएच (पाणी राखणारं हॉर्मोन) आलं की पाणी धरून ठेवणं सुरूच राहतं. म्हाताऱ्या बाईला नवीन थायाझाइड सुरू केलं आणि पंधरवड्यात ती भ्रमिष्टासारखी बोलू लागली, तर आधी सोडियम तपासा.

आणखी एक बारकावा. फ्युरोसेमाइड रक्ताच्या बाजूने काम करत नाही. प्रॉक्सिमल नलिकेतल्या आम्लवाहक ट्रान्सपोर्टरने ते नलिकेत सोडलं जातं आणि आतून बसतं. मूत्रपिंड निकामी होत असेल तर ते तिथे कमी पोहोचतं, म्हणून मात्रा वाढवावी लागते. पहिल्या वर्षी पॅरा-अमिनोहिप्युरिक आम्लाचा क्लिअरन्स शिकलात तो याच जातीच्या ट्रान्सपोर्टरचा. पेनिसिलिनही तिथूनच बाहेर जातं आणि प्रोबेनेसिड ती वाट अडवतं. स्पायरोनोलॅक्टोनला मात्र नलिकेत शिरावं लागत नाही. फ्युरोसेमाइडचा कानावरचा परिणाम, स्पायरोनोलॅक्टोनने पुरुषांत स्तनवाढ: हे लाल पेनवालं.

पोटातली आम्ल बनवणारी पॅरायटल पेशी याच पद्धतीने करा. लांबण लावत नाही, एकच मुद्दा सांगतो. ओमेप्राझोलचा हाफ लाइफ (रक्तातली पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ) तासाभराचा, पण परिणाम दिवसभर टिकतो. पंपाशी ते कायमचं जखडलं जातं. नवीन पंप तयार होईपर्यंत आम्ल नाही. ते चालू असलेल्या पंपालाच पकडतं आणि पंप जेवणाने चालू होतात, म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास. जेवणानंतर घेणाऱ्या रुग्णाची 'गोळी लागू पडत नाही' ही तक्रार पुष्कळदा एवढ्याने मिटते.

फार्माकोकायनेटिक्समध्ये (औषध शरीरात कसं पसरतं आणि निघतं त्यात) व्याख्या पाठ करून काही होत नाही, आकडे घालून गणित सोडवा. दम्यातलं थिओफिलिन घ्या. रुग्णाचं वजन ६० किलो, व्हॉल्यूम ऑफ डिस्ट्रिब्यूशन (औषध जणू जेवढ्या द्रवात पसरतं तो आकार) ०.५ लिटर प्रतिकिलो, म्हणजे ३० लिटर. रक्तात हवी असलेली पातळी १० मिग्रॅ प्रतिलिटर. लोडिंग डोस ३० गुणिले १०, म्हणजे ३०० मिग्रॅ. अमिनोफिलिनमध्ये थिओफिलिन सुमारे ८० टक्के, म्हणून अमिनोफिलिन द्यायचं तर ३७५ मिग्रॅ, आणि तेही सावकाश, २०-३० मिनिटांत. क्लिअरन्स (तासाला औषधमुक्त होणारं रक्त) ०.०४ लिटर प्रतिकिलो प्रतितास धरला तर २.४ लिटर, त्याला १० ने गुणलं की तासाला २४ मिग्रॅ, हा मेंटेनन्स. हाफ लाइफ ०.६९३ गुणिले ३० भागिले २.४, साधारण ८.७ तास. लोडिंग डोस व्हॉल्यूमवर ठरतो, मेंटेनन्स क्लिअरन्सवर. मूत्रपिंड किंवा यकृत बिघडलं की मुख्यतः दुसरा आकडा बदलतो. हे कळण्यासाठी गणित एकदा हाताने करावंच लागतं.

आता त्याच रुग्णाला सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक सुरू झालं, क्लिअरन्स निम्म्यावर आला असं समजा. तीच सलाइन तशीच चालू ठेवली तर पातळी कुठे थांबेल? २० वर, म्हणजे विषारी टप्प्याच्या उंबरठ्यावर. आणि हाफ लाइफही दुप्पट झाल्यामुळे ती दोन-तीन दिवसांत हळूहळू चढेल, पहिल्या दिवशी कुणाच्या लक्षात येणार नाही. व्हायव्हातला जुना सापळाही इथलाच: सलाइनचा वेग दुप्पट केला तर स्टेडी स्टेट (स्थिर पातळी) लवकर येईल का? नाही. पातळी दुप्पट होईल, वेळ तेवढाच लागेल, चार ते पाच हाफ लाइफ. चार हाफ लाइफनंतर ९४ टक्के गाठलेले असतात, पाचनंतर ९७. फिट्सवरच्या फेनिटोइनला हे सगळं लागू नाही. एन्झाइम भरत आलं की मात्रा थोडी वाढवली तरी पातळी उसळी मारते.

पोटन्सी (किती कमी मात्रेत काम) आणि एफिकसी (जास्तीत जास्त किती काम) यांतला घोळ एका ओळीत मिटवा: हायड्रोक्लोरोथायाझाइड २५ मिग्रॅला काम करतं, फ्युरोसेमाइड ४० मिग्रॅला, तरी थायाझाइड कितीही वाढवलं तर फ्युरोसेमाइडएवढी लघवी होणार नाही. आलेखावर पहिलं डावीकडे, दुसरं उंच.

नावांबद्दल. प्रत्येक गटातलं एकच औषध संपूर्ण करा, बाकीच्यांचा त्याच्याहून फरक फक्त लिहा. शेवटची अक्षरं मदत करतात: ओलोल, प्रिल, सार्टान, डिपिन, ग्लिप्टिन, ग्लिफ्लोझिन. पण डोळे झाकून नको. पँटोप्राझोल आम्ल कमी करतं. अॅरिपिप्राझोल मानसिक आजाराचं औषध आहे. लॅबेटालॉल आणि कार्व्हेडिलॉल बीटासोबत अल्फाही अडवतात, त्यांचा शेवट वेगळा असण्याचं कारणच ते. आणि ग्लिफ्लोझिन पाहिलं की पहिल्या वर्षीचा एसजीएलटी-२ (मूत्रपिंडात साखर परत घेणारा ट्रान्सपोर्टर) आठवायला हवा. लघवीत साखर, जननेंद्रियात बुरशी, शरीरातलं पाणी घटणं, सगळं तिथून येतं.

उजळणी वाचून करू नका. लेक्चरच्या दिवशी संध्याकाळी कोऱ्या कागदावर आठवेल ते काढा, तीन-चार दिवसांनी पुन्हा, मग महिन्याने. हायलायटरने रंगवलेलं पान ओळखीचं वाटतं, पण व्हायव्हात पान समोर नसतं. टर्मिनलआधी दोघांनी मिळून एकाने औषध सांगायचं, दुसऱ्याने परिणाम. मग उलट, परिणाम सांगून औषध ओळखायचं. उलटी दिशा अवघड जाते आणि वॉर्डात तीच लागते.

पहिल्या वर्षाची मुलं हे वाचत असतील तर प्रॅक्टिकलचे गुणाकार पाठ करू नका, काढून पाहा. लाल पेशींच्या मोजणीत पिपेटमध्ये रक्त ०.५ च्या खुणेपर्यंत, द्रव १०१ पर्यंत. दांडीतला १ भाग मिसळत नाही, म्हणून ०.५ मध्ये १००, म्हणजे १:२००. एक लहान चौकोन १/४००० घन मिमी, ८० चौकोन म्हणजे १/५०. पन्नास गुणिले दोनशे, दहा हजार. साहलीच्या पद्धतीत हिमोग्लोबिन कमी आलं तर बहुधा बोट पिळलेलं असतं किंवा आम्लात दहा मिनिटं ठेवलेलं नसतं. रक्तदाब मोजताना जाड दंडाला अरुंद कफ बांधलात तर दाब खोटाच जास्त येतो, आणि दुसऱ्या वर्षी त्याच आकड्यावर गोळी लिहाल.

शेवटी मात्रेची गणितं, जी परीक्षेत दोन-पाच मार्कांची आणि इंटर्नशिपमध्ये रोजची. टक्का म्हणजे १०० मिलित ग्रॅम. म्हणून २ टक्के लिग्नोकेन म्हणजे १ मिलित २० मिग्रॅ. साध्या लिग्नोकेनची मर्यादा ४.५ मिग्रॅ प्रतिकिलो, ६० किलोला २७० मिग्रॅ, म्हणजे साडेतेरा मिलि. अॅड्रिनलिन १:१००० म्हणजे १ मिलित १ मिग्रॅ. अॅनाफायलॅक्सिसमध्ये (जीवघेण्या अॅलर्जीत) त्यातलं अर्धा मिलि मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. तेच न पातळ करता शिरेत गेलं तर अॅरिदमियाने (ठोके बिघडून) जीव जाऊ शकतो. डोपामिनची २०० मिग्रॅची अँप्युल ५०० मिलि सलाइनमध्ये टाकली की १ मिलित ४०० मायक्रोग्रॅम. साठ किलोच्या रुग्णाला ५ मायक्रोग्रॅम प्रतिकिलो प्रतिमिनिट म्हणजे मिनिटाला ३०० मायक्रोग्रॅम, पाऊण मिलि. २० थेंबांच्या सेटवर मिनिटाला १५ थेंब, मायक्रोड्रिपवर ४५. सेट कोणता लावलाय ते न बघता थेंब मोजणं ही नेहमीची चूक, आणि त्यात मात्रा तिप्पट किंवा एक तृतीयांश होते.

इन्सुलिनचंही तसंच. आपल्याकडे कुपी ४० युनिटची मिळते आणि १०० युनिटचीही. सिरिंजही दोन, लाल टोपीची ४० साठी, नारिंगी १०० साठी. ४० ची कुपी आणि १०० ची सिरिंज अशी गाठ पडली तर २० च्या खुणेवर ०.२ मिलि येतं, म्हणजे प्रत्यक्षात ८ युनिट. उलट गाठ पडली तर २० च्या खुणेवर अर्धा मिलि, म्हणजे ५० युनिट. हा हिशेब प्रिलिमच्या आधी दोन्ही सिरिंज समोर ठेवून करा, आणि प्रिस्क्रिप्शन लिहिताना 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहा. इंग्रजीत 'यू' हे एकच अक्षर घाईत शून्यासारखं दिसतं आणि ४ युनिटचे ४० होतात.